भिंतीवरचा कंदील आणि त्याची कडी

घर सजवण्याच्या रंगीत मासिकांत आणि मोबाइलवर एक फॅशन बघायला मिळते. फाटकाशी, व्हरांड्यात लावायचा कंदिलाच्या घाटाचा दिवा घरात आणायचा. दिवाणखान्याच्या भिंतीवर, पलंगाच्या दोन्ही बाजूंना, आरशाशेजारी. काळं लोखंड नाहीतर पितळ, चारी बाजूंना काच, वर टोपी, आत मेणबत्तीच्या आकाराचा बल्ब. विकणारे त्याला ‘कलोनियल’ म्हणतात आणि त्या शब्दाचे जादा पैसे लावतात.

कवितेची समीक्षा होते, चित्राची होते. भिंतीवरच्या दिव्याला कोण विचारतो? मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. उजेडाशी माझा रोजचा व्यवहार आहे. म्हणून मी विचारतो.

पहिला प्रश्न, ही वस्तू अशी का? कंदिलाचा एकेक भाग गरजेतून आला. काच वाऱ्यासाठी. टोपीतली भोकं धूर आणि ताप बाहेर जावा म्हणून. भोवतीच्या सळ्या काच फुटू नये म्हणून. वरची कडी हातात धरायला. शोभेसाठी यातलं काहीच केलं नव्हतं, तरी वस्तू देखणी झाली. कामाची वस्तू काम नीट करू लागली की रूप तिच्या मागनं येतं. आपल्या कवितेलाही हाच न्याय लावा.

आता विजेचा बल्ब वाऱ्यानं विझत नाय, त्याला धूर नाय. तरी काच आहे, टोपी आहे, कडी आहे. फक्त कडी धरणारा हात गेला.

मग जुन्या काळी घरात कंदील नव्हते का? होते. अठराव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या घरात होते, पण बोळात आणि जिन्यावर. तिथं दार उघडलं की झोत यायचा आणि मेणबत्ती विझायची. खोलीतल्या भिंतीवर उघडी मेणबत्ती असायची आणि मागं आरसा नाहीतर चकचकीत पत्रा, म्हंजे उजेड परतून खोलीत यावा. ज्यांची नक्कल चालली आहे त्यांना दिवा कुठं लावायचा हे कळत होतं. नक्कल करणाऱ्यांनी नुसता घाट उचलला.

दुसरा प्रश्न, हे ‘कलोनियल’ कुणाचं? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं जुनं गाव आहे. १९२६ पासून रॉकफेलरच्या पैशानं ते अठराव्या शतकात होतं तसं पुन्हा उभारलं. १९३७ पासून तिथल्या जुन्या वस्तूंच्या नकला घरोघर लावण्यासाठी विकायला सुरुवात झाली. वसाहतीचा थाट अमेरिकेच्या दिवाणखान्यात शिरला त्यात या गावाचा मोठा वाटा आहे. आता हे ऐका. अठराव्या शतकात त्या गावातली निम्मी माणसं काळी होती आणि त्यातली बहुतेक गुलाम होती. दिवे पुसणारे, मेणबत्त्या लावणारे, मालकापुढे कंदील धरून चालणारे हात त्यांचे. घाट विकला गेला, हात गाळले गेले.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून कडू आहे. १७१२ साली तिथल्या गुलामांनी बंड केलं. १७१३ साली शहरानं कायदा केला की चौदा वर्षांवरच्या काळ्या किंवा मूळनिवासी गुलामानं, सूर्यास्तानंतर तास उलटला की, पेटता कंदील घेतल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. सोबत गोरा मालक असेल तर सूट. नाहीतर कुणीही पकडावं आणि फटक्यांची शिक्षा. म्हणजे त्या कंदिलाचा उजेड वाट दिसण्यासाठी नव्हता. धरणारा माणूस लांबून दिसावा, यासाठी होता. सिमोन ब्राऊन या लेखिकेनं २०१५ च्या आपल्या पुस्तकात पाळतीचा इतिहास मांडताना हा कायदा पुढं आणला.

मित्रांनो, गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू ठाऊक असलेल्याला हा कंदील ओळखायला वेळ लागत नाही. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, ते अशाच ओळखीतून.

आपल्याकडचा उजेडही तपासा. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर दिवस मावळला की काम थांबायचं. दिवे आले आणि कामाचे तास तेरा-चौदाच्याही वर गेले. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत बारा तासांची हद्द घातली. पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांच्या खात्याकडे होता आणि विजेचं धोरणही. उजेड कुणासाठी आणि किती वेळ, हे दोन्ही हिशेब एका माणसाच्या टेबलावर होते. आज गिरणगावात गिरण्यांच्या जागी मॉल आणि हॉटेलं आहेत. तिथंही जुन्या घाटाचे दिवे टांगतात. त्या उजेडात चौदा तास उभं राहिलेल्याचं नाव भिंतीवर नसतं.

आपल्यातला एखादा नोकरीला लागतो, हप्त्यावर दोन खोल्या घेतो, आणि चित्रातला दिवा त्यालाही हवासा वाटतो. त्यात लाजायचं काय कारण? चांगलं घर ही कुणाच्या बापाची मिरास नव्हे. माझं म्हणणं एवढंच की दिवा डोळे उघडे ठेवून निवडा.

कंदिलाचा घाट घ्यायचाच असेल तर जिन्यावर, बोळात, दाराशी लावा. तिथं त्याला अर्थ आहे. वाचायच्या, शिवणाच्या जागी लावू नका. टोपी वरचा उजेड अडवते, सळ्यांची सावली भिंतीवर गजासारखी पडते, साध्या काचेतून बल्ब थेट डोळ्यात घुसतो. दुधी काच त्यापेक्षा बरी. साधारण साडेपाच फुटांवर, डोळ्यांच्या किंचित वर बसवा. काच चारी बाजूंनी बंद असेल तर ताप आत कोंडतो आणि एलईडी बल्ब लवकर जातो. खाली-वर हवा खेळेल असा घ्या. आणि अंधाऱ्या खोलीत पोरगी अभ्यासाला बसत असेल, तर त्याच पैशात आधी तिच्या वहीवर उजेड पाडणारा साधा दिवा आणा.

माझा निकाल हा असा. बाहेरचा कंदील घरात आला याला माझी हरकत नाही. तो आपली सगळी हकीकत फाटकाबाहेर ठेवून आला, याला आहे. समीक्षकाचं काम ती हकीकत आत आणायचं. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘कलोनियल’ दिवा कौतुकानं दाखवला, तर कडीकडे बोट करा आणि विचारा, ही कुणाच्या हातात होती?