उतरवण्यासाठीच उभारलेले शिल्प

लग्नाचा मांडव उतरवला की अंगणात काही खड्डे आणि सुतळीचे तुकडे तेवढे उरतात. त्या मांडवाला कोणी शिल्प म्हटल्याचे ऐकिवात नाही. जे टिकते तेच कलाकृतीच्या मानाला पात्र, अशी आपली दृढ समजूत असते. त्यामुळे संगमरवराला किंवा ब्राँझला मिळणारा आदर बांबूच्या वाट्याला सहसा येत नाही. या समजुतीला २०१० साली न्यूयॉर्क शहरात एका कलाकृतीने आव्हान दिले. ‘बिग बाम्बू’ हे तिचे नाव. आज ती तेथे उभी नाही. छायाचित्रे आणि वर्णने यांच्या आधारेच तिच्याविषयी लिहावे लागते. तरीही तिने उपस्थित केलेला प्रश्न जुना झालेला नाही.

तिचे कर्ते डग आणि माइक स्टार्न हे १९६१ साली जन्मलेले जुळे बंधू. फाटक्या, सुरकुतलेल्या छायाचित्रांचे तुकडे चिकटपट्टीने जोडून केलेल्या कृतींमुळे ते १९८०च्या दशकात प्रसिद्धीस आले. जोड लपवायचा नाही, हा त्यांचा बाणा तेव्हापासूनचा. पुढे २००८ साली बीकन येथील एका जुन्या ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी बांबूंची प्रचंड रचना उभी केली. मागच्या टोकाचे बांबू सोडवून ते पुढच्या टोकाला बांधले जात. अशा रीतीने ती रचना पाऊल टाकीत पुढे सरके.

तीच कल्पना घेऊन हे बंधू मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर आले. २७ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर २०१० या काळात तेथे तीस-चाळीस फूट लांबीचे हजारो बांबू नायलॉनच्या दोऱ्यांनी एकमेकांना बांधण्यात आले. बांधणारे हात प्रामुख्याने कडे चढण्यात तरबेज असलेल्या गिर्यारोहकांचे होते. सुमारे शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद आणि पन्नास फूट उंच अशी लाट हळूहळू आकाराला आली. प्रेक्षकांना पूर्ण झालेली वस्तू दाखवावी, हा येथे हेतूच नव्हता. काम चालू असतानाच लोक ते पाहत होते आणि बांबूच्याच पायवाटांवरून त्या जाळीच्या पोटात शिरत होते. बांधणे हाच प्रयोग होता आणि बांधणारे हेच त्यातील नट.

या कृतीचे खरे मर्म, माझ्या मते, तिच्या भारवहनात आहे. येथे मुख्य खांब असा नाही. प्रत्येक बांबू दुसऱ्यावर रेलतो आणि तिसऱ्याला आधार देतो. एखादा काढला तरी त्याचा भार शेजारचे वाटून घेतात. परस्परावलंबन हा शब्द व्याख्यानांत फार झिजला आहे. येथे मात्र तो डोळ्यांना दिसतो. त्या मानाने लाटेचा आकार मला गौण वाटतो. तो नजरेला सुखावतो, परंतु रचनेला स्वतःचे असे जे सांगायचे आहे त्यात तो भर घालीत नाही. बीकनच्या कारखान्यातील निनावी आकार या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

दुसरी खंत अधिक गंभीर आहे. हाँगकाँगमध्ये देवतांच्या उत्सवांसाठी बांबूची तात्पुरती नाट्यगृहे उभारण्याची जुनी परंपरा आहे. त्यांत गायक-नटांचा खेळ रंगतो आणि उत्सव सरला की नाट्यगृह उतरवले जाते. तेथील कारागीर अपार कौशल्याने बांबू बांधतो. मात्र तो बांधीत असताना कोणी टाळ्या वाजवीत नाही. तेच काम संग्रहालयाच्या गच्चीवर गेले की ते कला ठरते आणि नाव लागते ते दोघा बंधूंचे. या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांचे श्रम लपवले नाहीत, उलट सर्वांसमोर आणले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु प्रत्येक बांबू सारखाच मोलाचा असे सांगणारी कृती दोनच नावांनी ओळखली जावी, हा विरोध त्यामुळे मिटत नाही.

तरीही या कृतीचे ऋण मान्य करावेसे वाटते. २०११ साली व्हेनिसमध्ये आणि २०१४ साली जेरुसलेममध्ये या बंधूंनी पुन्हा बांबू बांधले. प्रत्येक ठिकाणी नव्याने, पहिली गाठ मारण्यापासून. आधीचे काम जपून ठेवण्यापेक्षा ते पुन्हा करता येणे त्यांना महत्त्वाचे वाटले. टिकाऊपणाचा हा निराळा अर्थ आहे. तो समजून घ्यायला आपल्याला न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. पुढच्या लग्नात मांडव पडण्याच्या दिवशी थोडे लवकर जावे, वर चढून दोर आवळणाऱ्या माणसाकडे घटकाभर पाहावे, आणि उतरण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे.