तैलखडू, प्राणी आणि वास्तवाचा प्रश्न

प्राण्यांच्या वास्तववादी चित्रांविषयी आपल्याकडे एक समज घट्ट रुजला आहे. केसन् केस मोजून काढला, की चित्र खरे झाले! छायाचित्र शेजारी ठेवून काढलेल्या कुत्र्यामांजरांच्या चित्रांपुढे ‘अगदी फोटोसारखे’ हा उद्गार सर्वोच्च प्रशस्ती मानला जातो. हा निकष किती तोकडा आहे, हे ऑइल पेस्टल अर्थात तैलखडू हे साधे माध्यम फार चांगले दाखवून देते.

१९२० च्या दशकात जपानच्या साकुरा कंपनीने हे खडू शाळकरी मुलांसाठी तयार केले. पुढे १९४९ मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंग बनविणाऱ्या घराण्याने पिकासोच्या मागणीवरून कलावंतांसाठी त्यांची उत्तम प्रत सिद्ध केली. रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारे तेल यांचे हे मिश्रण असल्यामुळे रेघ कधीच पुरती सुकत नाही. ती बोटाने पसरते, टर्पेंटाइनने विरघळते. खडूचे टोक मात्र जाड. त्याने मांजराची मिशी ओढू जावे, तर कागदावर दोरी उमटते.

म्हणून जाणता चित्रकार येथे केसांपासून आरंभ करीत नाही. प्रथम तो कवटीची ठेवण आणि देहाचा भार ताडतो. मग केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने रंगांचे तुटक फटकारे एकावर एक चढवितो. नाकाडावर ते आखूड असतात, मानेवर लांब. मिशीसाठी फिका थर आधीच घातलेला असतो; त्यावरचा गडद थर टोकदार हत्याराने खरवडला, की ती आपोआप प्रकट होते. माध्यमाला तपशील झेपत नाही, म्हणूनच त्यातून काय निवडावे हे चित्रकाराला ठरवावे लागते. आणि निवडण्यासाठी आधी प्राणी पाहावा लागतो.

कोणी म्हणेल, आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ मध्ये जलरंगांत ससा रंगविताना केसच रंगविले ना? रंगविले खरे. तथापि ते चित्र जिवंत होते ते केसांच्या संख्येमुळे नव्हे. सशाच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे. हा कोणी एक ससा एका खोलीत, एका उजेडात बसला आहे, याची ती साक्ष आहे.

याहून मोठा दाखला स्पॅनिश चित्रकार सुर्बारानचा. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातील त्याचे ‘देवाचे कोकरू’ हे तैलचित्र १६३५ ते १६४० च्या सुमाराचे. पाय बांधलेले एक कोकरू करड्या फळीवर पडले आहे, मागे काळोख. प्रभामंडळ नाही, क्रूस नाही. मळकट लोकर, झुकलेली मान आणि दोरीचा काच एवढेच. चित्रकाराने त्याच्या डोळ्यांत मानवी अश्रू घातले नाहीत. कोकरू कोकरूच राहिले, आणि म्हणूनच भाविकाला त्यात प्रभूचे समर्पण दिसते.

आजच्या बहुसंख्य प्राणिचित्रांत नेमके याच्या उलट घडते. रोमरोम बिनचूक उतरतो, डोळ्यांत मात्र आपलाच लाडिकपणा पाणावतो. अशा चित्रात प्राणी नसतोच. त्याचे कातडे पांघरलेला आपण असतो. ही केवळ अभिरुचीची चूक नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशूंना आदामापुढे आणतो, तो त्यांना काय नाव देईल हे पाहण्यासाठी. नाव देणे म्हणजे दुसऱ्याचे वेगळेपण मान्य करणे. प्रत्येक प्राणिमात्राला आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, हेच पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात आवर्जून सांगितले.

तैलखडू आपल्या मुलांच्या दप्तरांत असतात. त्यांच्यापुढे छायाचित्र ठेवण्याऐवजी त्यांना दावणीच्या म्हशीसमोर, अंगणातल्या शेळीसमोर बसवावे. ती हलेल, मान फिरवील, चित्र बिघडेल. मात्र म्हैस काय आहे, हे त्या बिघडलेल्या चित्रातून मुलाला अधिक कळेल.