खेकड्यामागची वाघीण

इंग्रजी 'वॅगन'ची मराठीने वाघीण केली आणि ती मालधक्क्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र रुळली. छोट्या रेल्वेच्या छंदात मात्र तिची पार शेळी झाली आहे. घरच्या मांडणीवर इंजिनाला मानाचा पाट, डोंगर-बोगद्यांना रात्र-रात्र जागून केलेली रंगरंगोटी, आणि मालडबे? जे मिळाले ते, जोडायचे म्हणून जोडलेले.

वास्तविक पुणे जिल्ह्याइतका या छंदाला अनुकूल मुलूख दुसरा नाही. भाऊ जोशी यांनी १९८२मध्ये गोखले हॉलमध्ये छोट्या रेल्वेचे प्रदर्शन भरवले. पुढे कोथरूडला त्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. सिग्नल, दिवे, उड्डाणपूल, तालात धावणाऱ्या गाड्या हे सगळे पाहून आलेल्या पोरांपैकी काहींनी घरी रूळ अंथरले. संग्रहालयातल्या मांडणीचे वळण युरोपीय आहे, आणि तिचे यश नियंत्रणात, वेळेच्या अचूकतेत आहे. आपल्या वाघिणी तिच्यावर शोधणे हा अन्याय होईल. शिवाय निसर्ग उभा करण्याची आपली परंपरा जुनीच: दिवाळीत अंगणात माती कालवून, अळीव पेरून, वर मावळे ठेवून किल्ला करणाऱ्या मुलाला डोंगर कसा उतरतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. मळवली स्टेशनवरून लोहगड-विसापूर पाहत वाढलेल्याला तर नाहीच नाही.

तरीही बोर घाटाची मांडणी करणाऱ्यांशी बोला. पहिल्या पाच मिनिटांत 'खेकडा' निघतोच. १९२९ साली कल्याण-पुणे मार्ग विजेवर आल्यानंतर घाटात मालगाड्या ओढणारे ते डब्ल्यूसीजी-१ इंजिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडे असलेले. त्याचे स्विस भावंड युरोपातल्या कंपन्या कित्येक वर्षे विकत आल्या आहेत, त्यामुळे ते जमवणे सोपे. पण त्या खेकड्यामागे कोणत्या वाघिणी धावत होत्या, हा प्रश्न विचारला की गप्पा थंडावतात.

अडचण आधी गणिताची आहे. जगभर चालणारे एचओ हे माप १:८७ चे, आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांचे रूप. आपला ब्रॉडगेज १६७६चा, त्याला १९.२ मिलिमीटर हवेत. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची चूक पहिल्या दिवसापासून पायाखाली. पोटाने भारदस्त, पायांत पाय अडकवून उभी, अशी वाघीण समोरून दिसते. रुळांना धरून माप लहान करावे तर प्रमाण १:१०२च्या आसपास जाते, आणि मग बाजारातली १:८७ची माणसे, ट्रक, कंटेनर तिच्याशेजारी राक्षस वाटतात. ही तडजोड बहुतेकांनी मुकाट्याने स्वीकारली आहे आणि माझा तिला आक्षेप नाही. बाजूने पाहताना ती चूक दिसतही नाही.

चाकांची चूक मात्र बाजूनेच दिसते, आणि तिला माफी नाही. आपल्या उघड्या बॉक्सएन वाघिणीचे नवे चाक १००० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एचओमध्ये साडेअकरा. अमेरिकन मालडब्याची बोगी सहज मिळते म्हणून तीच खाली घालतात. तिची नेहमीची ३३ इंची चाके मॉडेलमध्ये साडेनऊच भरतात. दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही असे वाटेल, पण वाघिणीचा तोल चाकांच्या उंचीत असतो. ३८ इंची चाके घेतली की ११ मिलिमीटर मिळतात, आणि गाडी एकदम ओळखीची वाटू लागते. कपलिंगच्या बाबतीत नशीब उलटे आहे. बॉक्सएनचे मधले कपलिंग अमेरिकन घराण्याचेच, त्यामुळे छंदवाल्यांचे केडी कपलिंग तिला आपल्या घरचे असल्यासारखे शोभते.

अमेरिकेत वाघिणीच्या मॉडेलने एक वेगळीच कला घडवली. तिथल्या मालगाडीत शेकडो कंपन्यांचे डबे मिसळलेले असत, म्हणून तिथला कलावंत एकेक डबा निराळा, स्वतःचा इतिहास असलेला करतो. ते पाहून आपणही एक बॉक्सएन, एक टाकी, एक झाकणाची बीसीएन अशी मिसळ लावतो. पण ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे अख्खा रेक, म्हणजे डब्यांची पूर्ण माळ, एका प्रकारचा, एका मालाचा धावतो. बॉक्सएनचा रेक ५९ वाघिणींचा. एकीची लांबी १०.७१ मीटर, एचओमध्ये १२३ मिलिमीटर. सगळा रेक सव्वासात मीटर. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो मावणार कुठे? म्हणून बारा-पंधरांवर थांबावे लागते. पण मग त्या पंधराही एकाच साच्याच्या हव्यात, आणि तरीही एकसारख्या नकोत. एकीचे दार नव्या रंगाचे, दुसरीचा पत्रा आतून ठोके खाऊन बाहेर फुगलेला, तिसरीवर कुणा तपासनिसाची खडूची खूण. एकसारखेपणातले हे बारीक फरक टिपणे ही खरी आपली कला व्हायला हवी होती. ती अजून बाळसे धरायची आहे.

रंगाच्या बाबतीत तर आळस उघड दिसतो. परदेशी छायाचित्रे पाहून नारिंगी गंज फासला की काम झाले. मळवलीच्या फलाटावर तासभर उभे राहून पाहा. घाटात ये-जा करणाऱ्या वाघिणीच्या बोगीवर ब्रेकच्या भुकटीचा तपकिरी थर असतो, तो वर चढत नाही. वरचा पत्रा पावसाने धुतलेला असतो. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे धूळ साचून राहणार कशी?

अक्षरे हा वेगळा छळ. वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक म्हणजे तिची कुंडली: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यानंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, शेवटचा पडताळ्याचा. अनेक मॉडेलांवर तो अंदाजपंचे टाकलेला असतो. २००० नंतरची स्टेनलेस स्टीलची बॉक्सएनएचएल आणि तिच्यावर वर्ष ९२, असा प्रकार मी पाहिला आहे. देवनागरी अक्षर १०० मिलिमीटरचे असेल तर मॉडेलमध्ये सव्वा मिलिमीटरही उरत नाही. मात्रा आणि जोडाक्षरे छापताना भरून जातात. म्हणून बरेच जण हिंदी ओळ सरळ गाळतात. डबा तिथेच परदेशी होतो.

घाट मांडणाऱ्यापुढे वजनाचा प्रश्नही येतो. बोर घाटाचा चढ ३७ला १. दहा सेंटिमीटर चढायला पावणेचार मीटर लागतात, हे खोलीत जमवता येते. कर्जतला मागे लागणारी बँकर इंजिने मॉडेलमध्ये ढकलायला लागली की वळणावर हलक्या वाघिणी रुळावरून उडी मारतात. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे १२३ मिलिमीटरच्या डब्याचे वजन सुमारे ९७ ग्रॅम हवे. उघडी, रिकामी बॉक्सएन असेल तर शिसे लपवणार कुठे? बहुतेक जण वर कोळसा भरून मोकळे होतात. तळाच्या पट्ट्यांमध्ये बारीक तुकडे बसवण्याची खटपट करणारे थोडे, पण त्यांचीच गाडी घाट चढते.

थ्रीडी प्रिंटिंगने दार उघडले आहे, यात शंका नाही. बाजारात नसलेली वाघीण आता घरी काढता येते. सपाट बाजूंवर थरांच्या रेषा राहतात, आणि त्या घासायचा कंटाळा केला की पत्रा लाकडासारखा दिसतो. मला मात्र एनएमजीची मॉडेले सर्वांत आशादायक वाटतात: प्रवासी डबे म्हणून आयुष्य संपलेले, खिडक्यांवर पत्रे ठोकलेले, मोटारी वाहणारे डबे. जुना प्रवासी डबा विकत घ्यायचा, खिडक्या बुजवायच्या. रेल्वेने जे केले तेच मॉडेलवाल्याने करायचे. इथे तडजोडही अस्सल ठरते.

राहता राहिला गार्डाचा डबा. २०२२पासून गार्ड 'ट्रेन मॅनेजर' झाला, तरी घाटात त्याला लोक गार्डच म्हणतात. रेकच्या टोकाला, दोन सज्ज्यांच्या त्या ब्रेकव्हॅनवर तो झेंडी घेऊन उभा असतो, आणि गाडी कामशेतच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तोच दिसत राहतो. खेकड्याच्या केबिनमध्ये चालक बसवायला आपले लोक विसरत नाहीत. हा सज्जा मात्र मी पाहिलेल्या बहुतेक मांडण्यांवर रिकामाच होता.