एका पत्राचा उत्तरार्ध

गोविंदराव काळ्यांचे १७९३ सालचे पत्र मराठी माणसाला माहीत असते ते त्याच्या सुरुवातीसाठी. अटक नदीपासून दक्षिण समुद्रापर्यंतची भूमी कोणाची, हे काळ्यांनी तिथे ठासून सांगितले आहे. व्याख्यानांतून, ग्रंथांतून तो मजकूर इतका फिरला की पुढचे पत्र फारसे कोणी वाचत नाही. मला हे पत्र थोर वाटते ते त्याच्या उत्तरार्धामुळे. तिथे आवेश ओसरतो, हात सावध होतो आणि मुरलेला वकील लिहू लागतो.

काळे हे पेशव्यांचे निजामाच्या दरबारातले वकील. तहाची कलमे बोलायची, थकलेल्या पैशाचा तगादा लावायचा, हे त्यांचे उघड काम. दुसरे काम त्याहून नाजूक. दरबारात कोणाचे वजन वाढते आहे, फौज कुठे जमते आहे, नबाबाची प्रकृती कशी आहे, कोणता शाहजादा रुसला आहे, हे पुण्याला पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांना कळवत राहायचे. निजाम अली खान स्वतः १७६२ मध्ये भाऊ सलाबतजंग याला कैदेत टाकून गादीवर आलेला. अशा घरात वारशाचा प्रश्न कधीच मिटत नाही. त्यात दिवसही लढाईचे. टिपूवरची मोहीम १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने नुकतीच संपली होती आणि तिच्यात पेशवे, निजाम, इंग्रज एका बाजूला लढले होते. पुढे तीनच वर्षांत पेशवे आणि निजाम खर्ड्याला समोरासमोर उभे राहिले. काळ्यांचे पत्र या दोन युद्धांच्या मधले.

परभणीत बसून ते वाचताना वाचणाऱ्याची जागा बदलते. पुण्याच्या वाचकाला निजामाचा दरबार परका. आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेच सरकार होते. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात मोडणारे आमच्या भागातले पाथरी सरकार पुढे निजामाच्या राज्यात आले. पण १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली होती, आणि त्या सहांत वऱ्हाडही होता. म्हणजे राज्य एकाचे, वसुलाचा चौथा हिस्सा दुसऱ्याचा आणि रयत दोघांची देणेकरी. काळे भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, ज्या बाकीचा तगादा लावत होते ती असल्या हक्कांचीच. त्यांच्या या पत्रात मी गोदाकाठ शोधतो आणि तो सापडत नाही, याची रुखरुख वाटते. त्यांची नजर दरबारावर खिळलेली आहे.

आता पत्र पाहू. नानांकडून आलेले पत्र वाचताच अंगावर रोमांच आले, मनात ग्रंथच्या ग्रंथ उभे राहिले, पण पत्रात मावेल किती, अशी सुरुवात आहे. हा आनंद कशाचा, ते कळल्याशिवाय पत्राची चव लागत नाही. महादजी शिंदे, म्हणजे पाटीलबावा, १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात आले तेव्हापासून त्यांच्यात आणि नानांत ताण होता. १७९३ च्या जूनमध्ये तर लाखेरीला शिंद्यांची आणि होळकरांची फौज आपापसांत लढली. एवढे होऊनही नाना आणि पाटीलबावा यांचे मन एक झाले, ही काळ्यांना मिळालेली बातमी. परक्या दरबारात एकटा बसलेला वकील ती वाचतो आणि त्याचा ऊर भरून येतो.

मग तो इतिहास सांगू लागतो. पांडवांपासून विक्रमादित्यापर्यंत, तिथून दिल्लीची गादी हातची गेली तिथपर्यंत, पुढे आलमगिराचा, म्हणजे औरंगजेबाचा, काळ, शिवाजी महाराज, नानासाहेब पेशवे, सदाशिवरावभाऊ आणि शेवटी पाटीलबावा. शतकामागून शतक दोन-दोन ओळींत उरकते. वाक्ये आखूड, क्रियापदे पुष्कळदा गाळलेली, एक दुसऱ्याच्या टाचेवर येणारे. मोडीत भराभर लिहिणाऱ्या माणसाचा श्वास त्या गद्यात ऐकू येतो. या लोंढ्यात एक बारीक तपशील आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. आलमगिराच्या काळच्या जिझियाचा विषय निघतो तेव्हा काळे नुसता शोक करत नाहीत, एका जानव्यामागे साडेतीन रुपये हा दरही नोंदवतात. आयुष्यभर बाकीचा हिशेब मांडलेल्या माणसाच्या दुःखालासुद्धा आकडा असतो. भावनेच्या भरातही त्यांची दप्तराची सवय सुटत नाही, आणि म्हणूनच तो भर खरा वाटतो.

त्यापुढची तक्रार तर खास त्या दरबारात वावरणाऱ्याचीच. मुसलमानांत तिळाएवढी गोष्ट घडली तरी तिच्या तवारिखा होतात, आपल्याकडे आभाळाएवढे घडले तरी कोणी लिहीत नाही, असे काळे म्हणतात. हे पुण्यात बसून सुचले नसते. फारसीत इतिहास लिहिणारे, तो वाचून दाखवणारे आणि त्यावर मान डोलावणारे लोक त्यांनी भागानगरात जवळून पाहिले होते. प्रतिपक्षाचा गुण ओळखून तो स्वतःच्या धन्याला न संकोचता लिहिणे, ही वकिलाच्या इमानाची मोठी खूण.

पत्राचा धर्माभिमान पुढे अनेकांनी घोषणेसारखा वापरला. तो पत्रात आहे, लपवण्याचे कारण नाही. पण हेच काळे निजामाच्या दरबारात रोज उठबस करत होते, आणि त्यांचा धनी वर्षभरापूर्वी त्याच निजामाला सोबत घेऊन टिपूशी लढला होता. पत्र वाचताना या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात. एक जरी सुटली तरी पत्र उथळ होते.

आणि आता उत्तरार्ध. मिळवले ते फार मोठे आहे, पण ते बंदोबस्ताने राखणे पुढेच आहे, असे काळे सांगतात. कुठे पुण्य कमी पडेल, कोणाची दृष्ट लागेल, ही धास्ती ते लपवत नाहीत. मग येते ती खरी बातमी. नाना आणि पाटीलबावा यांच्यात फूट पडावी, यावर पुष्कळांचे डोळे लागलेले आहेत, समेटाने त्यांची आशा तूर्त खुंटली आहे, आणि हे टिकवणे तुम्हा दोघांच्याच हाती आहे. निजामाच्या दरबाराचे इतके नेमके निदान मला दुसरे सापडत नाही. हैदराबादेचे राजकारण पुण्याच्या दुहीवर चालते, म्हणून तिकडची हालचाल ओळखायची तर आधी आपल्या घराकडे पाहावे लागेल, हे काळे नानांना सांगत आहेत. परमुलखाची बातमी देता देता धन्यालाच सावध करायचे, तेही आनंदाच्या पत्रात आणि पायरी न सोडता, हे कसब वाचताना मन भरून येते.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. त्याच वर्षी जूनमध्ये पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके गेले. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याला जोर चढला. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. बाकीचा हिशेब समजावायला नानांनी जातीने यावे, असे दिवाण भर दरबारात म्हणाला. नाना कामात गढलेले, ते कसे येतील, असे पुण्याच्या वकिलांनी म्हणताच, त्यांना हुजुरात कसे आणतात ते दाखवतोच, असा त्याचा जबाब आला. वकिलाच्या आयुष्यात असा क्षण एखादाच. तिथे तलवार काढायची नसते, खाली मानही घालायची नसते; ऐकलेला शब्द जशाचा तसा पुण्याला पोचवायचा असतो. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, दौलताबादचा किल्ला देणे त्याला भाग पडले आणि नानांना आणून दाखवतो म्हणणारा मुशीरुल्मुल्क स्वतःच पुण्यात कैदी म्हणून आला. निजामाचा मुलगा अली जाह लगेच बंडाला उठला आणि वर्ष संपण्याआधी मेला. भागानगरची गादी किती डळमळीत आहे, हे साऱ्यांना दिसले.

पण २७ ऑक्टोबर १७९५ रोजी पेशवे सवाई माधवराव गेले आणि वारशाचा गोंधळ पुण्यातच सुरू झाला. आता भागानगरची माणसे पुण्याच्या बातम्या लिहू लागली असतील. आपली बाजू सावरायला नानांना निजामाचीच मदत घ्यावी लागली. १७९६ च्या महाडच्या तहात खर्ड्याला मिळवलेले परत देण्याचे त्यांनी कबूल केले आणि मुशीरुल्मुल्कही मोकळा झाला. काळ्यांनी पत्रात सगळा भार दोन नावांवर टाकला होता. त्यांतले एक खर्ड्याच्या आधीच गेले होते, आणि दुसऱ्याला आता त्याच दिवाणाशी बोलणे करावे लागत होते.