पैज आणि बाजू

कथा-कादंबरीत पैज लागली की वाचक सावध होतो. आता कुणाचे तरी घर बुडणार, हे तो ओळखून असतो. महाभारतातल्या द्यूतसभेने आपल्याला ही सवयच लावली आहे. पण प्रत्यक्ष आयुष्यात आम्ही ज्या पैजा लावल्या त्यांत कुणाचे काही बुडाले नाही. मॅच कोण जिंकणार, कॅरमची राणी कोण घेणार, शाळेचा कबड्डी संघ कितव्या फेरीत गारद होणार, यावर चहा लागला, भजी लागली, फार तर बिर्याणीची एक प्लेट लागली. हरणाऱ्याने पैसे दिले आणि सर्वांनी मिळून खाल्ले. या निरुपद्रवी पैजेकडे साहित्याने फारसे पाहिले नाही. आणि जिथे पाहिले तिथे ती निरुपद्रवी राहिली नाही. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करायचा आहे.

आमच्या घरांत हा विषय निघाला की पहिला प्रश्न हलाल-हरामचा येतो. तो टाळण्यात अर्थ नाही. चहाचे का असेनात, हरणाऱ्याच्या खिशातून पैसे गेले म्हणजे तो जुगारच, असे वडीलधारे म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. आम्ही काही फतवा देणारे नव्हे. पण सूरह माइदामध्ये जुगाराच्या मनाईचे जे कारण सांगितले आहे, त्याकडे साहित्याच्या वाचकाचेही लक्ष जावे. पैसा बुडेल ही चिंता तिथे नाही. माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरला जाईल, ही चिंता आहे. उलट, हदीसच्या संग्रहात प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर लावलेल्या धावण्याच्या शर्यतीची हकीकत येते. पहिल्यांदा त्या जिंकल्या. पुढे पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागच्या हरण्याची फेड झाली, असे गमतीने म्हणाले. पणाला काहीच नव्हते, तरी हिशेब मात्र दोघांच्या लक्षात होता. मैत्रीतल्या चुरशीचे याहून साधे चित्र आम्हाला माहीत नाही.

भाषेकडे पाहिले तरी काही हाती लागते. ‘पैज’ हा शब्द ‘प्रतिज्ञा’पासून आला. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’पासून, म्हणजे अट. ‘बाजी’ फारसी, अर्थ खेळ. प्रतिज्ञा, अट आणि खेळ ही तिन्ही मराठीत एकमेकांशेजारी नांदतात. मित्रांच्या पैजेत खेळ मोठा असतो आणि प्रतिज्ञा लहान. प्रतिज्ञा मोठी होऊन खेळाला गिळते, तिथे कथा सुरू होते.

चेखव्हच्या १८८९ सालच्या ‘पैज’ या कथेत हेच घडते. एका मेजवानीत वाद निघतो, की मृत्युदंड बरा की जन्मठेप. सावकार वीस लाख रुबल लावतो आणि तरुण वकिलाला म्हणतो, पाच वर्षे एकांतात राहून दाखव. तरुण स्वतःहून आकडा पंधरावर नेतो. तो आकडा वाढतो त्या क्षणी गंमत संपते. मुदत भरत येते तेव्हा कंगाल होऊ घातलेला सावकार त्याचा जीव घ्यायला निघतो. आणि वकील पैशावर पाणी सोडून मुदतीच्या पाच तास आधी निघून जातो. येथे पैसा निमित्तमात्र आहे. माणसाची वर्षेच पणाला लागली होती.

प्रेमचंदांची १९२४ सालची शतरंजच्या खेळाडूंची कथा आम्हाला याहून जवळची वाटते. तिच्या उर्दू रूपाच्या नावातच ‘बाजी’ आहे. नवाब वाजिद अली शाहच्या लखनौमध्ये मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन मित्र दिवसदिवस पटावर बसतात. दोघांत पैशाचा व्यवहार नाही. म्हणजे पैशाचा जुगार म्हणता येईल असा हा खेळ नव्हे. राज्य जाते तरी ते उठत नाहीत. मग एका चालीवरून वाद होतो. वाद चालीपुरता राहिला असता तर निभावले असते. पण बोलणे वाडवडिलांवर घसरते: कुणाचे गवत कापत होते, कुणाचे बावर्ची होते. खानदान निघाले की तलवारी निघतात आणि दोघेही मरतात.

या कथेचा अर्थ सरंजामी ऐदीपणावरचा उपरोध, असा सर्रास लावला जातो. तो बरोबरच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणसाची चाल चुकली असे म्हणता येते. चूक मान्य करून पुढचा डाव मांडता येतो. माणसाचा जन्म चुकला असे म्हटल्यावर पुढचा डाव उरत नाही. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात दोघांना जिवंत ठेवले. भांडण होते, गोळी सुटते, आणि तरी संध्याकाळी ते पुन्हा पट मांडतात, तोही इंग्रजी पद्धतीने. प्रेमचंदांचा शेवट कठोर आहे; रायसाहेबांचा शेवट मैत्रीवर अधिक विश्वास टाकणारा आहे. आमचे मत रायसाहेबांच्या बाजूने पडते.

आता ‘लगान’कडे येऊ. आशुतोष गोवारीकरांच्या या २००१ च्या चित्रपटात १८९३ सालच्या चंपानेर गावाची पैज आहे: जिंकलात तर तीन वर्षांचा सारा माफ, हरलात तर तिप्पट. ही बरोबरीच्यांची पैज नव्हेच. कॅप्टन रसेलसाठी ती करमणूक म्हणून सुरू होते. गावासाठी तो भाकरीचा प्रश्न आहे. शिवाय भुवन ती सर्वांच्या वतीने, कुणालाही न विचारता घेतो. गाव त्याच्यावर चिडते ते रास्तच होते. शेवटच्या षटकाराने हा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, पण तो मिटत नाही. ही चित्रपटाची उणीव आहे. त्याचे बळ दुसरीकडे आहे. माणसे एकेक करून आपल्या पायांनी संघात येतात. त्यांत कुंभार इस्माईल असतो. तो कुणाच्या बाजूने, असे त्याला कुणी विचारत नाही. घात करतो तो लाखा, आणि तोही प्रेमातल्या मत्सरापोटी.

हे आम्हाला इतके का भिडले, ते सांगायला हवे.

१ मार्च २००३. विश्वचषकात सेंच्युरियनला भारत-पाकिस्तान सामना. शनिवार होता, आम्ही सहाजण एका मित्राच्या घरी टीव्हीसमोर जमलो. त्याने कॅलेंडरच्या पानामागे दोन रकाने आखून ठेवले होते. भारताखाली पाच नावे, पाकिस्तानाखाली एकट्या आमचे. आम्ही पाहतच राहिलो. तो अगदी निर्मळपणे म्हणाला, ‘‘अरे, सगळेच इंडियावर लावतात. पैज लागायला समोर कुणीतरी पाहिजे ना!’’

त्याच्या मनात काही नव्हते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. म्हणूनच बोलणे अवघड होते. आम्ही नाव खोडून शेजारच्या रकान्यात लिहिले. मग समोर कुणीच उरेना आणि पैज मोडली. शेवटी ती सचिनच्या शतकावर लागली. पाचांनी ‘होणार’ म्हटले, आम्ही ‘नाही’ म्हटले. हरलो तर शतक पदरात, जिंकलो तर भजी, असा आमचा हिशेब! सचिन ९८ वर बाद झाला. भारत सहा गडी राखून जिंकला. भजी आम्ही जिंकली आणि दोन धावांची हळहळही आम्हालाच जास्त लागली. त्या संघात श्रीरामपूरचा झहीर खान होता, तेव्हाच्या अलाहाबादचा महंमद कैफ होता. त्यांची नावे कोणत्या रकान्यात, असे विचारायचे ओठांवर आले होते. विचारले नाही. भजी गरम होती.

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला आणि समाजमाध्यमांवर महंमद शमीला लक्ष्य करण्यात आले. कर्णधार विराट कोहली त्याच्यासाठी जाहीरपणे उभा राहिला. आम्हाला मात्र ते कॅलेंडरचे पान आठवले. भारताकडून खेळणाऱ्याचे नावसुद्धा दुसरेच कुणीतरी पलीकडच्या रकान्यात लिहू शकते तर!

निरुपद्रवी पैजेची आमची कसोटी म्हणून एवढीच आहे. काय लावले याआधी हे पाहावे, की बाजू ज्याची त्याने निवडली का. चेखव्हच्या वकिलाने ती निवडली, पण आयुष्य पणाला लावले. प्रेमचंदांच्या मित्रांनी पटावर खानदान आणले. भुवनने गावाची बाजू स्वतःच ठरवली. जिथे चहा लागतो आणि बाजू मोकळी असते, तिथे कुणी मरत नाही आणि बहुधा म्हणूनच कुणी लिहितही नाही. आमच्या लेखकांनी तलाक लिहिला, दारिद्र्य लिहिले, दंगल लिहिली. ते लिहायलाच हवे होते. पण दंगलीच्या कितीतरी आधी, हसतखेळत, मित्राच्याच अक्षरात आपले नाव भलत्या रकान्यात पडते, त्या क्षणाची कथा आमच्या वाचनात नाही. तो मित्र खलनायक नाही, म्हणून ती लिहायला कठीण आहे. आणि म्हणूनच लिहिली पाहिजे.

तो मित्र आजही आमचा मित्र आहे. सामना असला की अजून कागदावर रकाने आखतो. नावे मात्र ज्याची त्याला लिहायला सांगतो.