मालक, नोकर आणि कायद्याची भाषा

फिकहच्या जुन्या ग्रंथांविषयी मराठीत लिहिताना ‘अब्द’ या शब्दापाशी आपण अडखळतो. ‘गुलाम’ लिहिणे जड जाते; मग ‘सेवक’ किंवा ‘नोकर’ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. ही सभ्यता आम्हाला महागात पडणारी वाटते.

बाराव्या शतकातल्या मर्गिनानींचा ‘हिदाया’ घ्या. चार्ल्स हॅमिल्टनने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ साली लंडनमध्ये निघाले आणि इथल्या इंग्रजी न्यायालयांनी त्याचाच आधार घेतला. या ग्रंथात गुलामाला एकच नाव नाही. मालकाशी हप्त्यांचा करार करून स्वतःला सोडवून घेणारा तो मुकातब, मालकाच्या मृत्यूनंतर सुटणारा तो मुदब्बर, व्यापाराची मुभा मिळालेला तो माजून. सारे गुलामच, कुणाचे दार किती किलकिले एवढाच फरक. मोलाने काम करणारा मात्र वेगळ्या प्रकरणात, इजाऱ्याच्या प्रकरणात भेटतो. तो अजीर. शिंपी-धोब्यासारख्या, अनेकांचे काम घेणाऱ्याची मजुरी काम पुरे झाल्यावर. एकाच्याच दिमतीला राहिलेल्याने वेळ दिला की मजुरी लागू, मग त्या वेळात त्याच्याकडून काम करून घेतले असो वा नसो. आणि त्याला ठेवणारा ‘मौला’ नव्हे, ‘मुस्ताजिर’, म्हणजे भाड्याने घेणारा. मोल मेहनतीचे, माणसाचे नव्हे, हा भेद शब्दांतच आहे. दोघांनाही ‘नोकर’ म्हटले की एकीकडे गुलामगिरी झाकली जाते, दुसरीकडे अजीराचा हक्क बुडतो.

इंग्रजी कायद्याची गोष्ट निराळी. ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये मालक-नोकर हे नाते नवरा-बायको आणि आईबाप-मुले यांच्या रांगेत बसवले. मजुरीचा करार असा घरात शिरला, आणि घरात मालकाचा शब्द चालतो!

गंमत अशी की ‘साहेब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोबती. मंगोल भाषेतून फारसीमार्गे आलेल्या ‘नोकर’चाही सोबतीच. ‘मौला’ तर धन्यालाही म्हणत आणि त्याने मुक्त केलेल्या गुलामालाही. वरखाली नंतर झाले.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने इथल्या न्यायालयांत गुलामावरची मालकी अमान्य झाली. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ३०६ मध्ये, नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास वेगळी, वाढीव शिक्षा आहे. तिथे नोकर आणि मालक दोघेही जुन्याच नावांनी उभे आहेत. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्यात त्याच घरात राबणाऱ्या बाईला ‘घरेलू कामगार’ म्हटले आहे.