यादी चाळीस पक्ष्यांची

गेल्या हिवाळ्यात औसा तालुक्यातील तावरजा जलाशयाभोवती एका शाळेने दिवसभराची पक्षिनिरीक्षण फेरी काढली, तिच्यात मीही सामील झालो होतो. आठवी-नववीचे तीसेक विद्यार्थी, तीन शिक्षक, दोन दुर्बिणी आणि डॉ. सलीम अलींच्या पुस्तकाची एक प्रत. सायंकाळी शाळेच्या फळ्यावर चाळीसेक नावांची यादी लिहिली गेली, टाळ्या झाल्या. टिबुकलीने बुडी मारल्यावर ती नेमकी कोठे वर येईल यावर पैजा लावणारी मुले पाहून मलाही आनंद झाला. तरीही त्या यादीबद्दल थोडे कठोर लिहिणे भाग आहे.

यादीत 'वारकरी' होता. किती वारकरी? पाच की पाचशे? कोणी मोजले नव्हते. किती वाजता, काठाच्या कोणत्या बाजूला, याचीही नोंद नव्हती. पुढच्या वर्षी वारकरी यादीत नसला, तर तो आलाच नाही की आपण तेथे कमी वेळ थांबलो, हे कसे ठरवणार?

दुसरी अडचण खुद्द फेरीचीच. तीस मुले काठाने चालू लागली की पुढचे पक्षी उडतात आणि समोरच्या काठावर जाऊन बसतात. दुपारी आपण तेथे पोचतो आणि तेच पक्षी पुन्हा पाहतो. एका मुलीने विचारलेही, "सर, हे शेकाटे मघाचेच तर नाहीत?" त्या दिवसातला हा सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता, पण जेवणाची वेळ झाली होती आणि तो तसाच राहिला. शिवाय आम्ही सकाळी पश्चिम काठावरून निघालो, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. पाण्यावरचे प्रत्येक बदक काळेच दिसत होते. सकाळी पूर्वेचा काठ, दुपारनंतर पश्चिमेचा, एवढा बदल केला असता तरी अर्ध्या शंका मिटल्या असत्या.

सलीम अलींचे पुस्तक 1941 साली प्रथम निघाले. पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून सांगण्याची त्यातली रीत वर्गात शिकवण्यासाठी आजही उत्तम आहे. परंतु नाव ओळखण्यासाठी उघडलेले पुस्तक नाव सापडताच मिटले जाते. हा दोष पुस्तकाचा नव्हे, आपला.

अमेरिकेत नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याची चुरस लागत असे. तिला पर्याय म्हणून फ्रँक चॅपमन यांनी 1900 साली पक्षिगणना सुरू केली. त्या गणनेत पुढे किती गट किती तास फिरले हेही नोंदवले जाऊ लागले, म्हणून निरनिराळ्या वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. आपल्याकडेही 1987 पासून जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यातही जातीबरोबर संख्या लिहायची असते. नुसती नावे गोळा करणे म्हणजे बंदूक ठेवून शिकारीची थैली तेवढी जवळ बाळगण्यासारखे आहे!

मराठवाड्यात तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. येथील तलाव एका वर्षी तुडुंब, तर दुसऱ्या वर्षी कोरडे. पाणी थोडे हटले की चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार यांची चंगळ होते. बुडी मारून खाणाऱ्या टिबुकलीला मात्र खोल पाणी लागते. आणखी हटले की उघड्या पात्रात गाळपेर होते आणि तो चिखलही जातो. कोणत्या पातळीला कोणते पक्षी किती, हे औशाच्या मुलांनी दहा वर्षे नोंदवले, तर ती माहिती मुंबई-पुण्याच्या कोणत्याही संशोधकाला घरबसल्या मिळणार नाही.

त्यासाठी सबंध फेरी मारण्याची गरज नाही. बांधावर तीन जागा ठरवाव्यात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे शांत बसावे आणि पाचच जाती मोजाव्यात. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा घोळका डोळ्यांत धरावा आणि असे किती घोळके होतात ते पाहावे. जी जात दिसली नाही तिच्यापुढे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. जलाशयाच्या पातळीची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते, ती तारखेसह मागून घ्यावी. न मिळाल्यास काठावरच्या एखाद्या बाभळीपासून पाणी किती पावलांवर आहे, एवढे मोजले तरी चालेल.